रस्त्याकडेचा फलक आणि गावची जमीन

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा महामार्ग बांबवडे आणि मलकापूर मागे टाकून आंबा घाटाकडे चढू लागला की शाहूवाडी तालुक्याचे हिरवे वैभव नजरेत भरते. याच निसर्गाच्या ओढीने शहरातील माणूस येथे जागा शोधू लागला आहे. ‘प्लॉट विकणे आहे’, ‘फार्महाऊससाठी जागा’, ‘जमीन घेणे आहे, रोख व्यवहार’ असे फलक रस्त्याच्या कडेला उभे राहतात, ते त्यामुळेच. फलकावर दर असतो, दूरध्वनी क्रमांक असतो; बहुधा नसतो तो जमिनीचा गट क्रमांक. नेमकी तीच माहिती सर्वांत महत्त्वाची होय.

फलक लावणारा प्रत्येक जण जमिनीचा मालक असतोच असे नाही. पुष्कळदा तो थोडी संचकाराची रक्कम देऊन शेतकऱ्याकडून साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र करून घेतो आणि मुदतीच्या आत अधिक दराने गिऱ्हाईक शोधतो. दरांतील फरक हा त्याचा नफा. असा व्यवहार मुळात बेकायदेशीर नव्हे. परंतु व्यवहार फिसकटला तर शेतकरी आणि खरेदीदार या दोघांनाही त्याची झळ पोहोचते.

खरेदीदाराने प्रथम काही गोष्टी जाणून घ्याव्यात. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार, जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास प्रतिबंध केला आहे. अलीकडे दिलेल्या सवलती मुख्यत्वे नागरी व निवासी क्षेत्रांपुरत्या आहेत. म्हणून ‘दोन गुंठे, लगेच ताबा’ असे वाचताच सावध व्हावे. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांपेक्षा, मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकावयाचे असल्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये ‘महारेरा’कडे नोंदणी करावी लागते आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो.

विकणाऱ्याचे हित याहून नाजूक आहे. सातबारावर भाऊबंदांची नावे सामाईक असतात; कोणी मुंबईस नोकरीला, कोणी बहीण सासरी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. एकाच्याच सहीने झालेला व्यवहार पुढे न्यायालयात जातो. भोगवटादार वर्ग २ च्या व देवस्थानच्या जमिनींवर हस्तांतरणाचे निर्बंध असतात. शिवाय शेवटचा तुकडाही विकला गेला, तर शेतकरी असल्याचा आधारच नाहीसा होतो व पुन्हा शेतजमीन घेणे दुरापास्त होते. आलेली रक्कम घरबांधणीत अन् लग्नकार्यात संपते; जमीन मात्र परत येत नाही.

यासाठी करावयाचे उपाय साधे आहेत. चालू सातबारा, आठ-अ व जुने फेरफार पाहावेत. जागेवर जाऊन चतुःसीमा आणि रस्त्याचा हक्क तपासावा. नोटरीपुढील कागदावर न विसंबता दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा. फेरफाराची नोटीस मिळाल्यावर हरकत घेण्यास १५ दिवसांची मुदत असते. प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’ या शासकीय संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात.

ग्रामपंचायतीचेही यात कर्तव्य आहे. सार्वजनिक जागेत विनापरवाना उभारलेल्या फलकांना आळा घालावा. महामार्गाच्या हद्दीतील फलक संबंधित यंत्रणेच्या निदर्शनास आणावेत. ग्रामसभेत तलाठ्यांनी, म्हणजेच आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, या तरतुदी समजावून सांगाव्यात. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना सातबारा वाचावयास शिकविल्यास ते ज्ञान घरोघरी पोहोचेल.

जमीन विकावी की राखावी, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. तो रस्त्यावरचा फलक वाचून नव्हे, तर चावडीतील कागद वाचून घेतला जावा, एवढीच अपेक्षा.