भूकंपभार, इमारतीच्या बहिर्गत भागांवरील

इमारतीच्या मजल्यांच्या स्लॅबांपलीकडे आडवे किंवा उभे बाहेर आलेले सज्जे, छज्जे, कठडे, धुराडी, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या इ. भागांवर भूकंपाच्या वेळी येणारा भार. मुख्य सांगाडा शाबूत राहिला, तरी असे भाग कोसळून खालच्या रस्त्यावर प्राणहानी होऊ शकते. म्हणून त्यांचा अभिकल्प स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

जमीन हादरली की, इमारतीच्या प्रत्येक भागावर त्याचे वस्तुमान व प्रवेग यांच्या गुणाकाराएवढी निरूढी प्रेरणा येते. सलोह काँक्रीटचा स्लॅब स्वतःच्या पातळीत अतिशय दृढ असल्याने मजल्यावरील प्रेरणा तो स्तंभांना व भिंतींना त्यांच्या दृढतेच्या प्रमाणात वाटून देतो. हे कार्य करणाऱ्या स्लॅबास डायफ्रॅम म्हणतात. त्याच्याबाहेरील भागाची प्रेरणा मात्र केवळ जोडाच्या तुळयांतून वा सळ्यांतूनच आत पोहोचते. मजल्याचे वस्तुमानकेंद्र व दृढताकेंद्र निराळी असल्यास स्लॅब क्षितिजसमांतर पातळीत फिरतो आणि त्याच्या कडांचे विस्थापन वाढते. गच्चीवरील प्रवेगही सामान्यतः जमिनीवरील प्रवेगापेक्षा अधिक असतो.

संगणकीय प्रतिमानात स्लॅबाशी न जोडलेले बिंदू डायफ्रॅममध्ये समाविष्ट केल्यास ते त्याच्याबरोबर दृढपणे हलतात, असे चुकीचे गृहीत धरले जाते व जोडावरील खरा ताण दिसत नाही. म्हणून अशा भागाचे वस्तुमान त्याच्या प्रत्यक्ष जागी ठेवून बिंदू मोकळे सोडतात. लहान कठड्यासारख्या भागाचे वजन मात्र छताच्या वजनात मिळवून इमारतीचे विश्लेषण करतात आणि कठडा वेगळा तपासतात.

भारतीय मानक १८९३ (पहिली आवृत्ती १९६२) याच्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांनुसार छतावर उभ्या असलेल्या लहान भागांसाठी इमारतीच्या क्षितिजसमांतर भूकंप गुणांकाची, तर सज्जांसारख्या आडव्या भागांसाठी ऊर्ध्व गुणांकाची पाचपट घेतात. ही वाढ तो भाग व त्याचा जोड यांपुरतीच असते. संपूर्ण इमारतीस ती लागू नसते.

या दोन्ही आवृत्त्यांत नासिक शहर तिसऱ्या परिमंडळात (परिमंडळ गुणक ०·१६) आहे. तेथील अल्प आवर्तनकालाच्या, विशेष तन्य चौकटीच्या, सामान्य निवासी इमारतीचा गुणांक ०·०४ येतो. त्याची पाचपट ०·२० होते. म्हणजे १,००० लि. पाण्याच्या टाकीच्या आधारास केवळ पाण्यामुळेच सु. २०० किग्रॅ. वजनाएवढा आडवा रेटा सोसावा लागतो. एक मी. उंच व ११·५ सेंमी. जाड विटांचा सुटा कठडा, चुना-सिमेंटची पकड न धरता, वजनाच्या अवघ्या ०·११५ पट रेट्याने उलटतो. नासिकच्या जुन्या भागातील अरुंद गल्ल्यांसारख्या ठिकाणी हा धोका विशेष जाणवतो. स्लॅबात रोवलेल्या सळ्यांचे छोटे खांब व माथ्यावरील काँक्रीटचा पट्टा यांनी कठडा बांधून घेणे, हा त्यावरील सोपा उपाय होय.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किमी.हून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. वरचे मजले सज्जांच्या रूपाने बाहेर काढून त्यांच्या टोकांवर भिंती व स्तंभ उभारण्याची पद्धत तेथे रूढ होती. बाहेर काढलेल्या भागाचा भार जमिनीपर्यंत अखंड मार्गाने पोहोचला पाहिजे, हे या आपत्तीने दाखवून दिले.