लेकराचे वावडे आणि शाळेचे ताट

मृगाचा पाऊस कोसळण्यापूर्वी शहापूर-मुरबाडच्या मुलखात घरोघरी आगोटीची लगबग चालते आणि किन्हवलीच्या बाजारातून सुके बोंबील, सुकट, जवळा अशी चार महिन्यांची बेगमी घरी येऊन पडते; त्याच सुमारास, म्हणजे जूनच्या मध्यावर, सहा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींची नावे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर चढतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु ज्या घरातील लेकराच्या ओठांना जवळ्याच्या चटणीचा स्पर्श होताच सूज येते, किंवा अंड्याचा एक घास पोटात जाताच ज्याच्या सर्वांगावर गांधी उठतात, त्या घरातल्या आईला तो संबंध पुरता ठाऊक असतो. कारण जे पथ्य तिने इतकी वर्षे आपल्या चुलीपाशी बसून निमूटपणे सांभाळले, ते यापुढे तिच्या डोळ्यांआड, भरल्या पंगतीत, दुसऱ्याच्या हातच्या पळीने वाढल्या जाणाऱ्या ताटात सांभाळले जायचे असते.

अन्नाचे वावडे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सात्म्य आणि असात्म्य यांचा विचार आयुर्वेदाने पुरातन काळीच केला होता, आणि अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळण्याचा शिरस्ता कोकणपट्टीत अजून मोडलेला नाही. मात्र आधुनिक वैद्यक ज्याला अॅलर्जी म्हणते, तिचा उलगडा गेल्या सव्वाशे वर्षांतला आहे. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ही संज्ञा प्रचारात आणली. तत्पूर्वी चार वर्षे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले होते की एखादे द्रव्य प्रथम टोचले असता निभावून गेलेले जनावर पुढे त्याच द्रव्याच्या अत्यल्प मात्रेनेही काही क्षणांत गतप्राण होऊ शकते, आणि या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या रक्तात आयजीई नावाचे प्रतिद्रव्य असते, ते १९६६ साली इशिझाका या जपानी दांपत्याने शोधून काढले. या प्रतिद्रव्याची गैरसमजूत होते तेव्हा काय घडते हे सांगायचे तर गावच्या जागल्याचे उदाहरण पुरेसे आहे: वस्तीला आलेल्या निरुपद्रवी पाहुण्यालाच दरोडेखोर समजून त्याने सारा गाव लाठ्याकाठ्यांनिशी जागा करावा, तसे हे द्रव्य दुधातील, अंड्यातील वा कोळंबीतील एखाद्या साध्या प्रथिनाला वैरी ठरवते, आणि मग हिस्टामीन व तत्सम रसायने शरीरात एकदम मोकळी होऊन त्वचेवर गांधी, ओठांना सूज, पोटात कळ, उलटी, घशात घरघर असा सारा कल्लोळ माजतो. हे सर्व बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत घडते. दूध प्यायल्याने नुसते पोट फुगणे किंवा तिखटाने जळजळणे हे निराळे दुखणे होय, आणि त्याची गल्लत या प्रकाराशी होता कामा नये.

ही व्याधी आपल्याकडे किती आढळते? युरोपीय संशोधकांच्या सहकार्याने कर्नाटकात जी मोठी पाहणी झाली, तिचे प्रौढांविषयीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांपैकी शेकडा २६.५ लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धचे आयजीई सापडले, पण ज्यांना खरोखर त्रास होतो असे म्हणता येईल त्यांचे प्रमाण अवघे शेकडा १.२ भरले. शाळकरी मुलांत तर ते त्याहूनही पुष्कळ कमी आढळले. या दोन आकड्यांमधील अंतर प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण हल्ली कल्याण-ठाण्याच्या प्रयोगशाळांतून रक्ताच्या एका नळीवर शंभर पदार्थांची यादी तपासून मिळते, आणि त्या यादीतील निम्म्या नावांपुढे खूण आली की भाबडा बाप मुलाचे निम्मे अन्न बंद करून मोकळा होतो. रक्तातील खूण हा पुराव्याचा एक तुकडा झाला. निवाडा द्यायचा तो मुलाने काय खाल्ले, किती वेळाने काय झाले आणि पुन्हा खाल्ल्यावर तेच झाले काय, या हकीकतीवर.

आमच्या भागात तर या निष्कारण पथ्याचा धोका मला खऱ्या वावड्याच्या धोक्याहून अधिक वाटतो. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर वरकस जमिनीतली नाचणी आणि वरी, पावसाळ्यातल्या रानभाज्या आणि चिंबोऱ्या यांवर गुजराण होते, आणि कुपोषणाची नोंद सरकारी दप्तरात दरसाल होतच असते. अशा ठिकाणी अंगणवाडीतून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली जे अंडे लहान मुलाच्या हातावर पडते, ते कोणा शेजारणीच्या सांगण्यावरून, एकदा खरूज उठली होती म्हणून, कायमचे नाकारणे हा त्या मुलावर अन्यायच होय. विद्वानांनीही या बाबतीत एकदा फसगत करून घेतलेली आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली, ज्यांच्या घराण्यात अॅलर्जी आहे अशा मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असा सल्ला दिला, आणि २००८ साली तो मागे घेतला. पुढे लंडनमध्ये गिडियन लॅक यांनी ६४० जोखमीच्या तान्ह्या मुलांवर जो प्रयोग केला, त्याच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी चित्रच पालटले: ज्यांना वर्षाच्या आत शेंगदाणा नेमाने भरवला गेला, त्यांच्यात त्याचे वावडे शेकडा ८० हून अधिक घटले. सहा महिन्यांनंतर उष्टावण झाले की नाचणीच्या पेजेत शेंगदाण्याचा बारीक कूट कालवून चाटवणाऱ्या आजीला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते, तरी तिचा हात बरोबर वाटेने चालला होता. अखंड दाणा मात्र लहान मुलाच्या हाती देऊ नये; तो श्वासनलिकेत अडकतो. आणि ज्या तान्ह्याला तीव्र इसब आहे, त्याच्या बाबतीत आरंभ डॉक्टरांना विचारूनच करावा.

तर प्रश्न उरतो तो खऱ्या वावड्याच्या थोड्या मुलांचा, आणि ती थोडी आहेत म्हणूनच अवघड. कारण ज्या गुरुजींनी वीस वर्षांच्या नोकरीत असे एकही मूल पाहिले नाही, त्यांना आईचे सांगणे लाडाचे वाटले तर त्यांचा दोष तो किती? एके काळी शिक्षक आणि आई यांच्यातले अंतर इतके मोठे नव्हते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि अनुताई वाघ यांना सोबत घेऊन शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तेथे शिकवणारी बाई आणि पोराची आई एकमेकींच्या दृष्टीसमोर असत, आणि कोणाला काय सोसत नाही हे बोलता बोलता एकीकडून दुसरीकडे जाई. १९७५ पासून देशभर पसरलेल्या अंगणवाडीतही पाड्यावरचीच सेविका असल्याने ही ओळख बरीचशी टिकून आहे. पहिलीच्या वर्गात ती तुटते. तेथे हजेरीपट आहे, दाखला आहे, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आहे. आईच्या ध्यानात काय आहे याचे मात्र कोठे टिपण नाही.

आरोग्य तपासणी होत नाही असे नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे त्या वेळच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात झाला, आणि त्याचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब अशा तीसेक बाबी तपासते. त्या बाबींत इसब आहे, दम्यासारखा श्वासविकार आहे, पण अन्नाचे वावडे नाही. तेव्हा ही नोंद पालकांनीच करवून घेतली पाहिजे. प्रवेशाच्या दिवशी, तोंडी सांगून न थांबता, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा एक कागद मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा, ज्यावर मुलाचे छायाचित्र, वावड्याचा नेमका पदार्थ, पूर्वी काय लक्षणे झाली, आता झाल्यास प्रथम काय करायचे आणि कोणाला फोन करायचा एवढे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल. त्याची एक प्रत वर्गात आणि एक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावी. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. तिच्या पहिल्याच बैठकीत हा विषय निघाला तर त्याला घरगुती तक्रारीचे स्वरूप राहत नाही.

भिंतीवरचा कागद वाचायचा असतो तो स्वयंपाक करणाऱ्या बाईने, आणि खरी परीक्षा तिचीच असते. खिचडी, उसळ, वरण-भात हा नित्याचा आहार. त्यात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, असा निर्णय झाला, तर २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा खर्च लोकसहभागावर सोपवण्यात आला. त्यामुळे एका शाळेत अंडे असते, शेजारच्या शाळेत नसते, आणि अंड्याचा पुलाव कोणत्या वारी शिजणार हे आईने विचारून ठेवणे भाग पडते. पुलावातील अंडे वेचून काढल्याने तो निर्धोक होत नाही, आणि पुलावाची पळी वरणात बुडाली तर वरणही राहत नाही. या मुलाचे अन्न आधी शिजवून झाकावे, त्याची पळी निराळी ठेवावी आणि त्याला पहिल्याने वाढावे. दूर कोपऱ्यात बसवू मात्र नये. ज्या समाजाने पंगतीतले अंतर फार काळ पाहिले आहे, त्याच्या शाळेत आजाराच्या नावाने नवे अंतर सुरू होणे मला सोसवणार नाही; त्याच रांगेत, शिक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात, त्याची जागा असावी.

जेवणापेक्षाही जेवणाबाहेरचे खाणे दगा देते. वाढदिवसाचे चॉकलेट, स्वातंत्र्यदिनाचा लाडू, मित्राच्या डब्यातली चिक्की, बाजारातले सुटे फरसाण, ज्याच्या पुडीवर काही लिहिलेलेच नसते. बंद पाकिटावर दूध, अंडे, शेंगदाणा, मासे, सोयाबीन, गहू आदींचा निर्देश करणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा तो वाचण्याची सवय घरातील शिकल्या मुलाला लावावी. सहा वर्षांच्या मुलाला ‘मला हे चालत नाही, आईला विचारतो’ एवढे वाक्य घरी खेळात घोटून घेता येते. कठीण जाते ते प्रसादाच्या वेळी, कारण वडीलधाऱ्याने पुढे केलेला प्रसाद नाकारणे हा आपल्याकडे उर्मटपणा ठरतो. त्याने तो घ्यावा, कपाळाला लावावा आणि आईच्या ओंजळीत द्यावा. देव रागावत नाही. आजोबांची समजूत मात्र आधी घालून ठेवावी लागते.

इतके करूनही कधी चूक होणारच. नुसत्या गांधी उठल्या तर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध द्यावे आणि मुलावरची नजर काढू नये. पण श्वास घरघरला, आवाज बसला, मूल मलूल होऊन कोसळू लागले किंवा पुरळाबरोबर वारंवार उलट्या झाल्या, तर एविल वा सेट्रिझिनच्या गोळीवर विसंबणे घातक आहे. त्या वेळी उपयोगी पडते ते अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन, वजनाच्या मानाने, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. परदेशात पालक खिशात बाळगतात ती तयार लेखणी आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही; परंतु अॅड्रेनॅलिनची कुपी स्वस्त असते, आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात असतेच, कारण लसीच्या दुष्परिणामासाठी आणि सर्पदंशावरील प्रतिविषाने उलट परिणाम केल्यास तीच वापरायची असते. सर्पदंशाच्या रुग्णाला थेट दवाखान्यात न्यायचे हे आता आमच्या पाड्यापाड्यांवर रुजत आहे. तीच घाई येथे हवी. १०८ क्रमांकाला फोन करावा, मुलाला उताणे निजवून पाय उंच करावेत, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे, धाप लागली असल्यास टेकून बसवावे, पण उठवून चालवू नये. आराम पडला तरी काही तासांनी लक्षणे परतण्याचा संभव असल्याने दवाखान्यातून लगेच घरी आणू नये. प्रवेशापूर्वीच एकदा किन्हवलीच्या आरोग्य केंद्रात जाऊन, या मुलाला असे झाले तर कोण टोचेल, रात्री कोण असते, हे विचारून ठेवणाऱ्या आईला कोणी भित्री म्हटले तरी तिने मनावर घेऊ नये.

आश्रमशाळेत जाणाऱ्या मुलाची गोष्ट आणखी बिकट आहे. शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील शाळांत पहिलीपासूनची मुले राहतात. तेथे तिन्ही त्रिकाळचे अन्न शाळेचे, आई डोंगरापलीकडे, आणि दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेली तर फोनही लागेल न लागेल. तेव्हा अशा मुलाचा कागद मुख्याध्यापकांप्रमाणे अधीक्षक, अधीक्षिका आणि स्वयंपाकी यांनाही द्यावा, आणि सुट्टीहून परतताना दर वेळी तो पुन्हा वाचून दाखवावा, कारण बदल्या होतात.

आणि तो कागद कायमचा मानू नये. दूध आणि अंडे यांचे वावडे पुष्कळ मुलांत शाळेच्या वयापर्यंत आपोआप ओसरते; शेंगदाणा, मासे, कोळंबी, चिंबोरी यांचे बहुधा टिकते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घ्यावी. गरज पडल्यास तेथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थेंबाथेंबाने भरवून पाहतात, आणि हा प्रयोग घरी करायचा नसतो. पदार्थ सोसू लागला असे ठरले तर जुना कागद भिंतीवरून काढून घ्यावा आणि त्या आठवड्याचे अंडे मुलाला मिळते की नाही ते पाहावे.