संवेदकांच्या वीजपुरवठ्याचे नियंत्रण

तापमान, दाब, आर्द्रता, कंप इ. भौतिक राशींचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणाऱ्या साधनास संवेदक म्हणतात. संगणक व संवेदक यांच्यामधील देवघेव सांभाळणाऱ्या आज्ञावलीस उपकरणचालक अथवा ड्रायव्हर अशी संज्ञा आहे. संवेदकाला वीज केव्हा जोडावी, जोडल्यावर किती काळ थांबावे आणि ती केव्हा तोडावी हे ठरविणे, हे चालकाचे एक महत्त्वाचे कार्य होय. वरवर पाहता हे काम केवळ वीज वाचविण्याचे वाटते. तथापि मिळालेला आकडा विश्वसनीय आहे की नाही, हेही पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून असते.

गरज : भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांसारखी दूरस्थ केंद्रे सामान्यतः सौरपट्ट व संचायक घट यांवर चालतात. वाईच्या वरच्या अंगास असलेल्या महाबळेश्वरच्या पठारावर पावसाळ्यात कित्येक दिवस ढग व धुके यांमुळे सूर्यदर्शन होत नाही. अशा ठिकाणी घट पुरेसा भारित होत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत पर्जन्याची व कृष्णेच्या खोऱ्यातील पाण्याच्या पातळीची नोंद सर्वांत अधिक हवी असते. बीएमपी-२८० या प्रचारात असलेल्या दाबसंवेदकाला निद्रितावस्थेत सु. ०·१ मायक्रोअँपिअर, तर प्रत्यक्ष दाब मोजताना सु. ७२० मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो. ज्या संवेदकांत तापक किंवा पंखा असतो त्यांची गरज याहून कितीतरी मोठी असते. म्हणून मोजणीपुरती वीज द्यावी व एरवी ती तोडावी, हे धोरण स्वीकारले जाते.

क्रम : वीज जोडताच संवेदक कामास योग्य होत नाही. प्रथम पुरवठ्याचे विद्युत् दाब ठरलेल्या मूल्यास पोहोचावे लागतात. नंतर संवेदकातील अंतर्गत मंडल स्वतःची पूर्वस्थिती प्रस्थापित करते. वरील दाबसंवेदकास यासाठी सु. २ मिलिसेकंद लागतात. तेवढे थांबून चालक संवेदकाचा ओळखक्रमांक वाचतो, कारखान्यात नोंदविलेले अंशशोधन गुणांक घेतो, मोजणीची पद्धत ठरवून देतो आणि मगच मोजणीची आज्ञा देतो. मध्येच एखादी पायरी फसल्यास तोवर केलेल्या सर्व गोष्टी उलट क्रमाने मोडाव्या लागतात. तसे न केल्यास संवेदक निरुपयोगी ठरूनही वीज घेत राहतो आणि घट रिकामा होतो.

फसवा आकडा : वीज तोडली की संवेदकाच्या नोंदकोशांतील मांडणी पुसली जाते. चालकाने ती पुन्हा लिहिली नाही, तर संवेदक निद्रितावस्थेतच राहतो व वाचणाऱ्याला नोंदकोशातील मूळ मूल्य मिळते. बीएमपी-२८० मध्ये तापमानासाठी हे मूल्य ५,२४,२८८ इतके असते. निर्मात्याच्या माहितीपत्रात उदाहरणादाखल दिलेले अंशशोधन गुणांक वापरून ते रूपांतरित केल्यास उत्तर सु. २६·५° से. येते. वाईसारख्या गावी वर्षातील कित्येक दिवशी हे तापमान पूर्णतः संभाव्य आहे. म्हणजे मोजणी झालेलीच नसताना नोंदवहीत एक विश्वासार्ह भासणारा आकडा जमा होतो आणि तो पाहून कोणालाही शंका येत नाही. याकरिता लिनक्स प्रणालीतील या संवेदकाचा चालक असे मूल्य आढळल्यास मोजणी झाली नाही असे मानून चूक कळवितो. चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी, हे तत्त्व त्यामागे आहे.

सामाईक पुरवठा : एकाच पुरवठ्यावर अनेक संवेदक असल्यास एका चालकाने तो परस्पर तोडणे दुसऱ्यास घातक ठरते. यावर उपाय म्हणून २००८ साली लिनक्सच्या २·६·२७ या आवृत्तीत पुरवठा नियामकांसाठी स्वतंत्र यंत्रणा समाविष्ट करण्यात आली. तीत प्रत्येक चालक आपली मागणी नोंदवितो व काम संपल्यावर ती मागे घेतो. मागण्यांची संख्या शून्यावर आल्याशिवाय पुरवठा तोडला जात नाही. २००९ साली २·६·३२ या आवृत्तीत उपकरणे वापरात नसताना आपोआप निद्रित करण्याची यंत्रणा आली. मोजणी संपताच वीज न तोडता काही काळ वाट पाहण्याची सोयही पुढे तीत झाली. लागोपाठ मोजण्या होत असल्यास त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने जुळवाजुळव करावी लागत नाही.

संकेतवाहिन्या : मुख्य पुरवठा तोडला, पण संकेतवाहिन्या उच्च विद्युत् दाबावर ठेवल्या, तर संवेदकातील संरक्षक द्विप्रस्थांमधून प्रवाह आत शिरतो. संवेदक अर्धवट जागा राहतो व पुढील आरंभ नीट होत नाही. क्वचित त्याला कायमची इजाही होते. म्हणून पुरवठ्याबरोबर वाहिन्यांचाही विचार करावा लागतो.

मर्यादा : सर्वच संवेदक बंद ठेवता येत नाहीत. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात झालेल्या भूकंपासारखी घटना पूर्वसूचना देत नाही. म्हणून भूकंपमापकाचा पुरवठा अखंड ठेवावा लागतो. शिवाय काही भूकंपमापकांना वीज दिल्यानंतर स्थिर होण्यास बराच वेळ लागतो [⟶ भूकंप]. याउलट दाब व तापमान सावकाश बदलत असल्याने त्यांची ठराविक अंतराने केलेली मोजणी पुरेशी होते. सारांश, मोजावयाच्या राशीचा वेग, संवेदकाचा स्थिरीकरणकाळ आणि उपलब्ध वीज या तिन्हींचा मेळ घालूनच चालकाचे धोरण ठरवावे लागते. बचत किती झाली यापेक्षा नोंद खरी आहे का, ही त्याची पहिली कसोटी होय.