संगणकाचा सातबारा

गेल्या पावसाळ्यात, सत्र परीक्षा आठ दिवसांवर आली असताना, डोंबिवलीच्या आमच्या खोलीतला जुना संगणक एकाएकी सुरू होईना. काळ्या पडद्यावर एवढेच उमटे : 'नो बूटेबल डिव्हाइस'. आईच्या बचत गटाचा दोन वर्षांचा हिशेब आणि माझी टिपणे त्यातच होती. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने निकाल दिला, "डिस्क गेली. फॉरमॅट मारावं लागेल." गेलेली डिस्क फॉरमॅट करून उपयोग काय, हे विचारायचे मला त्या वेळी सुचले नाही.

पुढे जे समजले ते असे. डिस्क ही एक मोठी जमीन. तिचे हिस्से पाडतात आणि कोणता हिस्सा कोठून कोठवर, याची नोंद डिस्कच्या आरंभी ठेवतात. तिला आपण सातबारा म्हणू. सातबारा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसेच इथेही.

ही नोंद दोन पद्धतींची असते. जुनी एमबीआर, १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आली. पहिल्या ५१२ बाइटांत तिचा सारा संसार : ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञांना, ६४ हिश्श्यांच्या यादीला आणि २ खुणेचे. यादीत प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात, म्हणून मुख्य हिस्सेही चारच. पत्ते ३२ बिटांचे असल्याने साधारण २.२ टेराबाइटच्या पलीकडची जमीन या उताऱ्यावर चढत नाही. नवी पद्धत जीपीटी. तिच्यात पत्ते ६४ बिटांचे, सामान्यतः १२८ नोंदी आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी.

आता खरी गोम. संगणक सुरू होण्याच्या वाटाही दोन आहेत. जुनी बायॉसची वाट पहिल्या ५१२ बाइटांतल्या आज्ञा चालवते. नवी यूईएफआयची वाट एका छोट्या राखीव हिश्श्यातील फाइल शोधते. विंडोज एमबीआर डिस्कवरून जुन्याच वाटेने सुरू होते, जीपीटीवरून नव्याच. बदलापूरला जाणारा माणूस आसनगाव लोकलमध्ये बसला, तर कल्याणनंतर जे होईल तेच इथे होते. गाडीही धड, माणूसही धड, पण मुक्काम येत नाही.

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतील दादांनी एकच विचारले, "आधी तारीख बघितलीस का रे?" तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. त्यासरशी वाटेची निवड पुसली जाऊन संगणक मूळच्या यूईएफआयवर गेला होता, आणि आमची डिस्क एमबीआर! सेल बदलला, सेटिंगमध्ये 'लेगसी' निवडले, विंडोज उभे राहिले.

तेव्हा मित्रहो, फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी सेटिंगमध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर दोष केबलचा वा डिस्कचाच असू शकतो. दिसत असेल तर वाट तपासा. तरीही अडले, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. अलीकडच्या अनेक संगणकांत जुनी वाट ठेवलेलीच नाही, आणि विंडोज ११ लाही यूईएफआयच लागते. अशा वेळी २०१७ पासून विंडोज १० सोबत मिळणारे 'एमबीआर टू जीपीटी' हे साधन हिस्से न पुसता उतारा बदलते. मात्र त्याआधी फाइलींची प्रत काढलेली बरी.

आईने त्या दिवसापासून हिशेब पुन्हा वहीतही उतरवायला सुरुवात केली आहे.