विश्लेषण : धामणगाव बढेतून दिल्लीच्या ‘ऑनर्स’ला जायचे तर काय करावे लागते?

बारावीचा निकाल लागला की मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या गावात प्रवेशाची चर्चा मोताळा, मलकापूर, बुलढाणा, फार तर अकोला-अमरावती-पुणे एवढ्यातच फिरते. दिल्ली विद्यापीठाचे नाव कोणी काढलेच तर ‘तिथे ९९ टक्के लागतात’ हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर २०२२ पासून जुने झाले आहे. दिल्ली विद्यापीठात पदवीला प्रवेश आता प्रामुख्याने सीयूईटी या सामाईक परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि ही परीक्षा मराठीतून देता येते. तरीही गावातली मुले मागे राहतात. त्याचे कारण बहुतेक वेळा बुद्धीत नसते, तारखा आणि दाखले यांत असते.

‘ऑनर्स’ म्हणजे नेमके काय?

एकाच विषयाचा सखोल अभ्यास असलेली पदवी. पण दिल्लीत आणि महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ आज वेगळा आहे, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

दिल्ली विद्यापीठात बी. ए. (ऑनर्स) इतिहास, बी. कॉम. (ऑनर्स), बी. एस्सी. (ऑनर्स) भौतिकशास्त्र अशा पदव्यांना पहिल्या वर्षापासूनच प्रवेश घ्यायचा असतो. २०२२-२३ पासून तिथे चार वर्षांची रचना आली. तीन वर्षांनी बाहेर पडले तरी ऑनर्सची पदवी मिळते, चौथे वर्ष केले तर त्यात संशोधन किंवा प्रकल्पाची भर पडते.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनंतर साधी पदवी आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यावर ऑनर्स. त्यातही ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ ला लागू झाले, म्हणजे त्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येईल. बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. इथल्या महाविद्यालयात प्रवेश घेताना एक प्रश्न आजच विचारून ठेवावा : चौथे वर्ष इथेच होणार, की त्यासाठी शहरात जावे लागणार? तालुक्याच्या ठिकाणच्या लहान महाविद्यालयांकडे याचे ठाम उत्तर असतेच असे नाही.

बारावीच्या टक्क्यांना काहीच किंमत नाही?

बारावी उत्तीर्ण व्हावेच लागते. मात्र गुणवत्ता यादी सीयूईटीच्या गुणांवर लागते. दोघांचे गुण सारखे आले तरच बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांचे गुण पाहिले जातात. म्हणजे बारावीला ६८ टक्के मिळालेली मुलगी ८८ टक्के मिळालेल्या मुलाच्या पुढे जाऊ शकते.

सीयूईटीत २०२५ पासून प्रत्येक विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटे आणि २५० गुण आहेत. सगळे प्रश्न अनिवार्य. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात आणि परीक्षा पूर्णपणे संगणकावर होते.

बी. ए. (ऑनर्स) राज्यशास्त्र किंवा इतिहास हवे असेल तर एक भाषा आणि तीन विषय, किंवा एक भाषा, दोन विषय आणि सामान्य चाचणी असे गणित आहे. अर्थशास्त्र ऑनर्सला गणित सक्तीचे आहे. कला शाखेत गणित न घेतलेल्या मुलांची वाट इथे बंद होते आणि ते अकरावीलाच ठरून गेलेले असते. विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र ऑनर्ससाठी भौतिक, रसायन आणि गणिताचे गुण धरतात, भाषेत किमान ३० टक्के पुरतात. परीक्षा यंत्रणा आता कोणताही विषय निवडू देते. दिल्ली विद्यापीठ मात्र बारावीला शिकलेल्याच विषयांचे गुण धरते. फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याला हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून विषयांची यादी घरून लिहून न्यावी.

मराठी माध्यमाच्या मुलांचे काय?

परीक्षा १३ भाषांत होते, त्यात मराठी आहे. शिवाय भाषेचा पेपर म्हणूनही मराठी घेता येतो. इंग्रजी ऑनर्ससारखा अभ्यासक्रम सोडला तर बी. ए. ऑनर्सच्या बहुतेक अभ्यासक्रमांना तो चालतो. इंग्रजीच्या भीतीने अर्जच न करणाऱ्या मुलांपर्यंत हे पोचलेले नाही.

पण प्रश्नपत्रिका मराठीत असली तरी अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीचा आहे आणि ती पुस्तके मराठीत नाहीत. इंग्रजी आणि हिंदीत ती संकेतस्थळावर मोफत मिळतात. आपल्या बोर्डाशी त्यांचा किती फरक आहे ते इतिहासात दिसते. बालभारतीचे बारावीचे इतिहासाचे पुस्तक युरोपातील प्रबोधनापासून सुरू होते आणि वसाहतवाद, महायुद्धे, शीतयुद्ध असे पुढे जाते. एनसीईआरटीचे तीन भाग हडप्पापासून सुरू होऊन संविधान सभेपर्यंत येतात. आपल्या बोर्डात हडप्पा अकरावीलाच होऊन गेलेली असते. बारावीचे पुस्तक तोंडपाठ असलेला विद्यार्थी सीयूईटीच्या इतिहासात अडखळतो तो इथे. अकरावीचे पुस्तक जपून ठेवणे आणि हिंदीतून एनसीईआरटी वाचणे हा त्यातला स्वस्त उपाय. एका मोबाइलवर दोन भावंडे वाचत असतील तर वेळ वाटून घ्यावी लागेल, एवढेच.

पुढे दिल्लीत वर्गात इंग्रजी आणि हिंदी चालते, मराठी नाही. पहिले सत्र जड जाते. याची तयारी मनात असलेली बरी.

अर्ज कधी करायचा?

सर्वाधिक मुले गळतात ती इथे. २०२५ चे वेळापत्रक पाहा. राज्य मंडळाची बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारी ते १८ मार्च अशी झाली. सीयूईटीचे अर्ज १ मार्चला सुरू झाले आणि सुरुवातीची मुदत २२ मार्च होती. म्हणजे अर्जाचा जवळजवळ सगळा काळ बारावीच्या पेपरांत गेला. बारावीचा निकाल ५ मेला लागला, तेव्हा अर्जाची खिडकी बंद होऊन महिना उलटला होता. सीयूईटी १३ मेपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत चालली, निकाल ४ जुलैला आला, दिल्ली विद्यापीठाची पहिली जागावाटप यादी १९ जुलैला लागली आणि वर्ग १ ऑगस्टला सुरू झाले.

तारखा दरवर्षी बदलतात. पण अर्ज बारावीच्या निकालाआधीच संपतो, हे बदललेले नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत कागद तयार हवेत. त्यातला एक कागद घरातच अडतो : नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा शेवटी. कुठे वडिलांचे नाव गळलेले, कुठे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. सीयूईटीत भरलेले नाव, जन्मतारीख आणि फोटो पुढे दिल्ली विद्यापीठाच्या अर्जात आपोआप जातात आणि तिथे बदलता येत नाहीत. दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आधार आधीच दुरुस्त करून घ्यावे.

जातीचा दाखला आहेच, मग अडचण कोणती?

राज्याचा दाखला आणि केंद्राचा दाखला यांत फरक आहे. केंद्रीय विद्यापीठात विमुक्त जाती, भटक्या जमाती, एसबीसी असे राज्याचे प्रवर्ग नाहीत. तिथे एससी, एसटी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस एवढेच. बंजारा, धनगर हे समाज राज्यात विजाभज प्रवर्गात असले तरी केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत. त्यामुळे या मुलांनी केंद्राच्या नमुन्यातील ओबीसी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. राज्याचे तीन वर्षे मुदतीचे नॉन-क्रिमीलेअर इथे पुरत नाही, चालू आर्थिक वर्षातले लागते. म्हणजे मूळ जातीचा दाखला आधी काढून ठेवायचा आणि केंद्राच्या प्रमाणपत्रासाठी एप्रिल उजाडताच सेतू केंद्र गाठायचे.

मराठा समाजाच्या मुलांसाठी चित्र आणखी वेगळे आहे. राज्याचे एसईबीसी आरक्षण केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. कुणबी दाखला असेल तर केंद्राच्या यादीतून ओबीसी मिळते. नसेल तर ईडब्ल्यूएस. त्याला आठ लाखांच्या उत्पन्नाच्या अटीबरोबर जमिनीची अट आहे : कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर केंद्राचे ईडब्ल्यूएस मिळत नाही. जमीन ओलिताची की कोरडवाहू, हे तिथे पाहत नाहीत. सहा एकर कोरडवाहूत कापूस-सोयाबीन घेणाऱ्या घरातली मुलगी या नियमाने ‘सधन’ ठरते आणि खुल्या प्रवर्गात जाते. नियम अन्यायाचा वाटतो, आहेही. पण तो ऑगस्टमध्ये कागदपत्र तपासणीत कळण्यापेक्षा सातबारा पाहून आधीच कळलेला बरा.

पसंतीक्रम कसा भरायचा?

सीयूईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा समज आहे. तो चुकीचा. दिल्ली विद्यापीठाच्या सीएसएएस या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. २०२५ मध्ये तिचे शुल्क खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गाला २५० रुपये, एससी, एसटी आणि दिव्यांगांना १०० रुपये होते. निकालानंतर अभ्यासक्रम आणि कॉलेज यांच्या जोड्या पसंतीने लावायच्या. विद्यापीठात सुमारे ७१ हजार जागा आहेत, पण अनेक मुले हिंदू, मिरांडा हाऊस, किरोडीमल अशी दहा-पंधरा नावे भरून थांबतात. यादी लांब ठेवण्यात तोटा काही नाही. सगळ्यात मोठी चूक पुढची आहे : मिळालेली जागा मनासारखी नाही म्हणून ती न स्वीकारणे. तसे केले की विद्यार्थी पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर पडतो. जागा स्वीकारायची, शुल्क भरायचे आणि मग ‘अपग्रेड’ निवडायचे, म्हणजे वरची पसंती मिळण्याची शक्यता जिवंत राहते.

जाता जाता : यादीत राजा गार्डनजवळचे शिवाजी कॉलेज दिसेल. ते १९६१ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांनी सुरू केले, तेव्हा ते केंद्रात कृषिमंत्री होते. अमरावतीच्या शिवाजी शिक्षण संस्थेचे तेच भाऊसाहेब.

दिल्लीची यादी लागेपर्यंत इथला प्रवेश सोडायचा का?

सोडू नये. मे-जूनमध्ये जिल्ह्यात किंवा अमरावतीला प्रवेश घेऊन ठेवावा. मुंबई-पुण्याच्या बहुतेक महाविद्यालयांत कला, वाणिज्यचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात, तिथेही अर्ज टाकता येतो. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत करण्याचे धोरण ठेवले होते. त्या-त्या वर्षीची तारीख पाहून घ्यावी आणि शुल्काची पावती जपावी. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्यापूर्वी त्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.

खर्चाचा खरा आकडा कॉलेजच्या शुल्कात नसतो, राहण्याच्या भाड्यात असतो. वसतिगृहाच्या जागा कमी आहेत आणि कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून खोली मिळेल याची हमी नाही. मंडळात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांना केंद्राची वर्षाला १२ हजार रुपयांची शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत मिळू शकते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, दरवर्षी नूतनीकरणासह. म्हणजे महिन्याला हजार रुपये. दिल्लीत खोलीचे भाडे त्यात निघणार नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांचे भाडे आणि अनामत यांची तजवीज जुलैपूर्वी घरात व्हायला हवी, आणि जुलैत तर घरातला पैसा नुकताच पेरणीत गेलेला असतो.