दुर्बीण की नवा गुडघा? गुडघ्याच्या ऑपरेशनला ‘हो’ म्हणण्याआधी हे संशोधन माहीत असायलाच हवं!

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या घरकुलात दुपारी चक्कर मारा. दारादारात एकच चित्र दिसतं. मांडी घालून बसलेली बाई, मांडीवर सूप आणि सुपात तेंदूपत्ता अन् तंबाखू. मजुरी हजार बिड्यांवर मोजली जाते, त्यामुळे हातातलं काम संपेपर्यंत मांडी मोडायची सोय नसते. पन्नाशीच्या आसपास यातल्या कितीतरी जणी भिंतीला धरून उठायला लागतात.

मग सुरू होतो नेहमीचा प्रवास. आधी मेडिकलमधून आणलेली गोळी, मग बाम, मग डॉक्टर, एक्स-रे, एमआरआय. आणि एके दिवशी घरात तो शब्द येतो : ऑपरेशन.

खरा गोंधळ इथे आहे. ‘गुडघ्याचं ऑपरेशन’ असं आपण ज्याला म्हणतो ती एक गोष्ट नाही, दोन आहेत. एक म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन. गुडघ्याला छोटी छिद्रं पाडायची, आत कॅमेरा घालायचा, झिजलेले तुकडे खरवडायचे, आतून धुवून काढायचं. दुसरं म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात ते सांधेरोपण. दोन्हींच्या खर्चात आणि धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि झिजलेल्या गुडघ्याबाबत गेल्या वीस-बावीस वर्षांतलं संशोधन या दोन ऑपरेशनांविषयी जवळपास उलट गोष्टी सांगतं.

चिरा दिला, टाके घातले, पण ऑपरेशन केलंच नाही!

२००२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला एक अजब प्रयोग प्रसिद्ध झाला. ब्रूस मोझली नावाचे अस्थिरोगतज्ज्ञ होते. गुडघा झिजलेल्या १८० माजी सैनिकांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाचा गुडघा दुर्बिणीने खरवडून साफ केला. दुसऱ्याचा नुसता धुतला. तिसऱ्या गटातल्या रुग्णांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, गुंगी दिली, गुडघ्यावर तीन छोटे चिरे दिले. डॉक्टरांनी नेहमीसारखी हत्यारं मागितली, पाणी उडवल्याचा आवाजही केला. पण दुर्बीण आत घातलीच नाही. टाके घालून रुग्णाला बाहेर आणलं.

हे सगळं रुग्णांना अंधारात ठेवून केलं नव्हतं बरं का. आपल्या वाट्याला खोटं ऑपरेशनही येऊ शकतं, हे मान्य असल्याचं प्रत्येकाने आधी लिहून दिलं होतं. फक्त आपल्याला नेमकं काय मिळालं, हे त्यांना माहीत नव्हतं.

दोन वर्षं या सगळ्यांची तपासणी होत राहिली. निकाल? दुखण्यात आणि चालण्यात तिन्ही गट सारखेच! ज्यांचा गुडघा खरवडला ते, ज्यांच्या गुडघ्याला आतून हातही लावला नाही त्यांच्यापेक्षा कधीच पुढे गेले नाहीत.

‘जवळपास सगळे पुरुष होते, एकच सर्जन होता’ असे आक्षेप घेतले गेले आणि ते रास्तही होते. म्हणून पुन्हा अभ्यास झाले. २००८ मध्ये कॅनडात व्यायाम आणि औषधं घेणाऱ्यांची तुलना, व्यायाम-औषधांबरोबर दुर्बीणही घेणाऱ्यांशी केली गेली. दुर्बिणीने काही भर पडली नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांत १४६ रुग्णांवर पुन्हा खरं विरुद्ध खोटं ऑपरेशन असा केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. या वेळी गुडघ्यातली ‘गादी’ वयोमानाने फाटलेले रुग्ण घेतले होते. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. अखेर २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने स्पष्टच सांगितलं : झिजेमुळे दुखणाऱ्या जवळपास कुठल्याही गुडघ्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये.

पण मग लोकांना बरं का वाटतं?

तुमच्या ओळखीत कुणीतरी असेलच, ‘मी दुर्बिणीने केलं आणि मला फरक पडला’ म्हणणारं. ते खोटं बोलत नाहीत. फरक पडतो. प्रश्न आहे तो कशामुळे पडला याचा.

झिजेचं दुखणं रोज सारखं नसतं, ते चढतं आणि उतरतं. आपण डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं अगदी डोक्यावरून पाणी गेल्यासारखं झालं की. म्हणजे चढाच्या टोकाला. तिथून ते बहुतेक वेळा आपोआप थोडं उतरणारच असतं. त्यात ऑपरेशननंतर सक्तीची विश्रांती मिळते, घरचे काम करू देत नाहीत, फिजिओथेरपी होते, आणि ‘एवढा खर्च केलाय, आता बरं होणार’ हा विश्वासही असतो. या सगळ्याचं श्रेय दुर्बीण घेऊन जाते. खोट्या ऑपरेशनाशी तुलना केल्याशिवाय हे कधी कळलंच नसतं.

गुडघ्यातलं ‘वंगण’ वाढवणाऱ्या ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचीही हीच कथा आहे. २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. एकूण रुग्णांचा विचार केला तर या गोळ्या साखरेच्या गोळ्यांपेक्षा वरचढ ठरल्या नाहीत. मात्र साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीही साधारण ६० टक्के लोकांना बरं वाटलं होतं! तेव्हा ‘मला गुण आला’ हे वाक्य कितीही प्रामाणिक असलं, तरी तो पुरावा नव्हे.

एमआरआयमध्ये ‘गादी फाटली’ आलंय. आता?

इथे सगळ्यात जास्त माणसं घाबरतात. रिपोर्टमध्ये ‘टिअर’ शब्द दिसला की फाटलेलं शिवायलाच हवं असं वाटतं. कापडाच्या गावात तर वाटणारच!

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचा एमआरआय काढला गेला. हे रुग्ण नव्हते, गावातले सर्वसाधारण लोक होते. त्यातल्या ३५ टक्क्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली. आणि गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काही त्रासच झाला नव्हता. म्हणजे पन्नाशीनंतर फाटलेली गादी ही बऱ्याचदा पिकलेल्या केसांसारखी गोष्ट असते. ती दिसते, पण दुखण्याचं कारण तीच असेल असं नाही.

याचा अर्थ दुर्बीण निरुपयोगी आहे असा मात्र मुळीच नाही. कबड्डी खेळताना तरुण मुलाचा लिगामेंट तुटला, अपघातात गादी फाटून गुडघा खरोखर अडकून बसला आणि सरळच होईना, सांध्यात पू झाला, अशा वेळी दुर्बीण फार कामाची आहे. प्रश्न आहे तो फक्त वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याचा. आणि सोलापुरात काय किंवा कुठेही काय, पन्नाशीनंतर दुखणारे बहुतेक गुडघे याच प्रकारचे असतात.

आता ‘वाट्या बदलण्या’कडे येऊ

खरं तर यात वाटी बदलत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक काही मिलिमीटर तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये प्लास्टिकचा थर घालतात. गुडघ्यावरची वाटी बऱ्याचदा तशीच ठेवतात, फार तर तिला आतून प्लास्टिक लावतात.

हे ऑपरेशन आपल्याकडे घराघरांत पोचलं ते अटलबिहारी वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये, पंतप्रधान असतानाच, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला. सर्जन होते डॉ. चित्तरंजन राणावत. आधुनिक कृत्रिम गुडघा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्या गटाने घडवला, त्यातलेच ते एक.

दुर्बिणीसारखी याचीही परीक्षा झाली का? झाली. डेन्मार्कमध्ये गुडघा बदलण्याच्या अवस्थेला आलेले १०० रुग्ण घेतले. ५० जणांना १२ आठवड्यांचा व्यायाम, आहाराचा सल्ला आणि औषधं दिली. उरलेल्या ५० जणांचा गुडघा बदलला आणि मग त्यांनाही तोच व्यायाम दिला. २०१५ मध्ये निकाल आला. शंभर गुणांच्या मोजपट्टीवर गुडघा बदललेल्यांची सुधारणा सुमारे ३२ गुणांची, नुसत्या व्यायामाची १६ गुणांची. म्हणजे सांधेरोपण सरळ दुप्पट गुणकारी ठरलं.

पण त्याच अभ्यासातले बाकीचे आकडेही बघा. व्यायामाच्या गटातल्या ५० पैकी फक्त १३ जणांनी वर्षभरात गुडघा बदलून घेतला. बाकीच्यांचं तेवढ्यावर भागलं. रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, सांधा आखडणं असे गंभीर त्रास ऑपरेशनच्या गटात २४ वेळा झाले, दुसऱ्या गटात ६ वेळा. माझ्या मते या अभ्यासाचा सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे. ऑपरेशन चांगलं आहे, पण ते उद्याच करायला हवं असं नाही. तीन महिने नीट, शिकून केलेला व्यायाम आधी करून बघता येतो, आणि त्याने नाही भागलं तर ऑपरेशन कुठे पळून जात नाही.

वजनाचंही तसंच. शरीराचं एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असं २००५ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. अलीकडे गाजणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनचीही २०२४ मध्ये लठ्ठपणा आणि गुडघेदुखी दोन्ही असलेल्या ४०७ लोकांवर चाचणी झाली. वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी घटलं आणि दुखणंही खोट्या इंजेक्शनपेक्षा बरंच जास्त कमी झालं. अर्थात हे औषध महाग आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही.

किती वर्षं टिकतो? आणि सगळ्यांनाच गुण येतो का?

२०१९ च्या एका मोठ्या पाहणीनुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. छान आकडा आहे. फक्त वय विसरू नका. ब्रिटनमधल्या आकडेवारीत सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच आयुष्यात दुसऱ्यांदा ऑपरेशनची गरज पडते, पण पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांमध्ये ते प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत जातं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग असतं. त्यामुळे ५२ व्या वर्षी घाई करण्याआधी दहादा विचार करावा.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. साधारण पाचातल्या एकाला गुडघा बदलल्यानंतरही दीर्घकाळ दुखत राहतं.

शिवाय मांडीचं काय? हे सगळे अभ्यास खुर्चीवर बसणाऱ्या देशांत झालेत. आपल्याकडे जेवण, पूजा, संडास, आणि बिडी कामगारासाठी तर पोटच मांडीवर चालतं. गुडघा बदलल्यावर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं टाळा, असंच बहुतेक सर्जन सांगतात. जास्त वाकणारे ‘हाय-फ्लेक्स’ गुडघे बाजारात आहेत, पण अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर साध्या गुडघ्याच्या तुलनेत वाकण्यात रुग्णाला जाणवेल इतका फरक सापडलेला नाही. तेव्हा ‘ऑपरेशननंतर मी सूप घेऊन बसू शकेन का?’ हा प्रश्न सर्जनला ऑपरेशनआधी विचारायचा आहे. उत्तर ‘नाही’ आलं, तर उंच टेबल-खुर्चीवर काम जमेल का, घरात कमोड बसवता येईल का, याचा हिशेब त्याच खर्चात धरावा लागतो.

खर्चाचं गणित

१६ ऑगस्ट २०१७ ला केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक कर इतक्यावर आला. ही किंमत फक्त आत बसवायच्या साहित्याची. रुग्णालय, सर्जन, भूल आणि औषधांचा खर्च वेगळा.

सरकारी योजनेच्या बाबतीत सोलापूर तसं जुनं खेळाडू आहे. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात निवडलेल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. कुठलं ऑपरेशन योजनेत बसतं आणि कुठल्या रुग्णालयात, हे वेळोवेळी बदलतं. म्हणून कुणाच्या ऐकीव माहितीवर न जाता, योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला कागदपत्रं दाखवून विचारा. दागिने गहाण ठेवायच्या आधी.

आणि ऑपरेशन झालंच, तर बिलात कृत्रिम गुडघ्याची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वेगळा लिहून मागा. २०१७ च्या आदेशाप्रमाणे तो द्यावाच लागतो. याला कारण आहे. २०१० मध्ये डीप्यू कंपनीने आपला एएसआर नावाचा कृत्रिम खुबा सदोष म्हणून जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवलेला होता, आणि पुढे भरपाईची वेळ आली तेव्हा त्यातल्या बहुतेकांचा पत्ताच लागेना. साहित्याच्या पाकिटावर एक स्टिकर असतो. तो डिस्चार्जच्या फाइलला चिकटवून घ्या आणि त्याचा एक फोटो मुलाच्या नाहीतर सुनेच्या मोबाइलमध्येही ठेवा.