वाद्याचा सूर आणि वाटेवरील लहान पेटी



गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनाची रात्र तुमच्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीनें आपल्या आजोबांची सतार वाजविण्याचें ठरविलें होतें, व आजोबा स्वतः पहिल्या रांगेंत येऊन बसले होते. सतारीच्या तबलीवर नाण्याएवढी एक चकती चिकटवून तिची तार थेट मिक्सरला जोडण्यांत आली. सतार वाजूं लागली; परंतु पटांगणांत जो आवाज ऐकूं आला, तो सतारीचा नव्हेच, पत्र्याच्या डब्यावर सुया पडाव्या तसा तो किरकिरा होता. यंत्र चालविणारानें आवाज वाढविला, तेव्हां घोंघों असा गुंजारव सुरू झाला. आणखी वाढविला, तेव्हां कर्ण्यांनीं किंकाळी फोडिली. मुलीनें गत अर्धवट सोडून सतार खालीं ठेविली. मागाहून ती मला म्हणाली, “सर, माझाच हात बिघडला.”

तिचा हात बिघडला नव्हता. सतार उत्तम होती व ध्वनिवर्धकही निर्दोष होता. दोष होता तो ह्या दोहोंच्या सांध्यांत. वाद्य आणि ध्वनिवर्धक ह्यांच्या मध्यें एक लहानशी पेटी असावी लागते. ती तेथें नव्हती. ही पेटी कोणती, ती काय करते व ती नसल्यास सूर कसा मारला जातो, हें आज समजावून सांगण्याचा विचार आहे. ज्या पालकांनीं आपल्या मुलांस सतार, व्हायोलिन किंवा गिटार घेऊन दिली आहे, त्यांनाही ह्याचा उपयोग होईल.

प्रथम थोडा मागील काळ पाहूं. अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांचें ‘संगीत शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हां ध्वनिवर्धक ठाऊकच नव्हता. नटाचा कंठ व साथीचीं वाद्यें ह्यांच्या स्वतःच्या बळावरच नाटक शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचावें लागे. आपल्या वर्धा जिल्ह्यांतही हीच रीत होती. गांधीजी १९३६ सालीं सेवाग्रामास, म्हणजे तेव्हांच्या शेगांवास, राहावयास आले. तेथील आश्रमाची प्रार्थना उघड्या आकाशाखालीं होत असे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनांची खंजिरी तर वऱ्हाडांत व नागपुराकडे घरोघरीं परिचित आहे. खंजिरीचा नाद मुळांतच खणखणीत. तो दूरवर जातो. परंतु एकतारी, तंबोरा व सतार हीं मृदु स्वभावाचीं वाद्यें आहेत. चार माणसें जवळ बसून ऐकत असतील तेथें तीं शोभतात. हजार माणसांच्या पटांगणांत, ढोलकीच्या व पेटीच्या साथींत, त्यांचा आवाज बुडून जातो. अशा मृदु वाद्यांस विजेचें साहाय्य लागतें.

हें साहाय्य ज्या शोधामुळें शक्य झालें, तोही योगायोगानें १८८० सालचाच आहे. त्या वर्षीं पॅरिस येथें झाक व प्येर क्यूरी ह्या दोघां भावांनीं असें दाखवून दिलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठभागांवर वीज प्रकट होते. ह्यांतील प्येर हे पुढें मादाम मारी क्यूरी ह्यांचे पति म्हणून तुम्हांस विज्ञानाच्या पुस्तकांत भेटतात. ह्या गुणास पीझोविद्युत् म्हणतात. सतारीवर चिकटविलेली ती चकती म्हणजे पितळेच्या पत्र्यावर बसविलेला अशाच गुणाचा चिनी मातीसारखा एक पातळ थर असतो. तार छेडली कीं लांकूड कांपतें, लांकडाबरोबर चकती वांकते, आणि त्या कंपनाबरहुकूम वीज कमीजास्त होते. ह्या चकतीस पिकअप म्हणतात.

आतां मुख्य मुद्दा ध्यानांत घ्यावा. ही वीज दाबानें उत्पन्न झालेली असल्यामुळें तिचें सामर्थ्य अत्यंत अल्प असतें. उन्हाळ्यांत आपल्याकडील विहिरींना बारीक झरा असतो. त्या झऱ्यावर कोणी मोठी मोट चालविली, तर दोन फेऱ्यांतच विहीर तळाला लागते व मोटेंत गाळ येतो. ओंजळीओंजळीनें पाणी घेतलें, तर तीच विहीर दिवसभर पुरते. पिकअप हा असाच बारीक झरा आहे. मिक्सरच्या ज्या छिद्रांत त्याची तार खोंचिली होती, तें छिद्र सुमारें १०,००० ओहम अवरोधाचें असतें. अवरोध जितका कमी, तितकी ओढ अधिक. म्हणजे बारीक झऱ्यावर आम्हीं मोठी मोट लाविली होती.

ह्याचा परिणाम केवळ आवाज लहान होण्यावर थांबत नाहीं, सूरच बदलतो. ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठीं हिशेब देतों. नाण्याएवढ्या चकतीची विद्युत्धारिता सुमारें २० नॅनोफॅरड असते. अवरोध हजार ओहमांच्या मापानें घेऊन त्यानें ह्या धारितेस गुणावें, व त्या गुणाकारानें १,५९,००० ह्या संख्येस भागावें. जें उत्तर येईल, त्याहून कमी कंपनसंख्येचे सूर उत्तरोत्तर दुर्बळ होत जातात. आमच्या मिक्सरसाठीं गुणाकार १० गुणिले २० म्हणजे २०० झाला, आणि उत्तर आलें सुमारें ८००. काळी एकच्या पट्टींत मध्य सप्तकाचा षड्ज सेकंदास सुमारें २७७ कंपनांचा असतो, व खर्जाचा षड्ज त्याच्या निम्मा. हिशेबानें पाहिलें, तर मध्य षड्जाचें बळ सुमारें तृतीयांश उरतें आणि खर्जाचें सहाव्या हिश्श्याच्या आसपास. वरच्या झणकाऱ्या मात्र जशाच्या तशा येतात. पत्र्यावर सुया पडाव्या तसा आवाज कां आला, ह्याचें उत्तर हेंच. सतारीचें अंग कापलें जाऊन केवळ तिचीं नखें ऐकूं येत होतीं.

हेंच छिद्र १०,००,००० ओहमांचें असतें तर? गुणाकार १,००० गुणिले २० म्हणजे २०,०००, आणि उत्तर सुमारें ८. सेकंदास आठ कंपनें मनुष्याच्या कानास ऐकूंच येत नाहींत. तेव्हां सतारीचा एकही सूर कापला जाणार नाहीं. एवढ्या मोठ्या अवरोधाचें तोंड असलेली, म्हणजे झऱ्यांतून ओंजळीनें पाणी घेणारी जी पेटी, तिला प्रीअँप म्हणतात. ती पिकअपकडून जवळजवळ कांहींच घेत नाहीं. आपल्या बॅटरीच्या बळावर त्या सुराची सशक्त प्रत तयार करते व पुढें धाडिते.

सूर सशक्त झाला, तरी पुढची वाट लांब असते. रंगमंचापासून मिक्सरपर्यंत कित्येकदां तीस मीटरांहून अधिक अंतर असतें. वाटेंत दिव्यांच्या व पंख्यांच्या तारा असतात. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० आंदोलनें करते, व तिचा गुंजारव साध्या तारेंत सहज शिरतो. म्हणून साधी तार पांच-सहा मीटरांहून लांब ठेवूं नये. लांबच्या वाटेसाठीं डायरेक्ट बॉक्स नांवाची दुसरी पेटी योजितात. तिची युक्ति मोठी मनोरंजक आहे. ती एकच सूर दोन तारांतून पाठविते. एकींत सुलटा, दुसरींत उलटा. वाटेंत गुंजारव शिरला, तर तो दोहोंत सारखाच शिरतो. मिक्सर पहिल्या तारेंतून दुसरी वजा करतो. बीजगणितानें लिहावयाचें, तर सुरास स व गुंजारवास ग म्हणूं. मग (स + ग) वजा (ग − स) बरोबर २स. गुंजारव नाहींसा झाला व सूर दुप्पट झाला. वर्गांत शिकलेली साधी वजाबाकी रात्रीच्या मैफलींत अशी उपयोगी पडते.

डायरेक्ट बॉक्सचे दोन प्रकार आहेत. पहिल्यांत केवळ एक लहान ट्रान्सफॉर्मर असतो व त्यास बॅटरी लागत नाहीं; विजेवर चालणाऱ्या कीबोर्डासारख्या सशक्त वाद्यांस तो पुरतो. दुसऱ्यांत विजेवर चालणारी रचना असून तिला ९ व्होल्टांची बॅटरी किंवा मिक्सरकडून तारेंतूनच येणारी ४८ व्होल्टांची वीज मिळते. पीझो पिकअपला हा दुसरा प्रकारच योग्य. आतां तर प्रीअँप व डायरेक्ट बॉक्स एकाच डबींत बसवून, ती पायाशीं ठेवून पायानेंच चालविण्याजोगी केलेली मिळते. तिला पेडल म्हणतात.

ह्या पेडलवर ज्या कळा असतात, त्यांचाही उपयोग जाणून घ्यावा. खर्ज, मध्य व टीप ह्या कळांनीं सुराचा तोल सांभाळतां येतो. सतारीस बहुधा टीप थोडी उतरवावी लागते, कारण जवारीची झणकार चकतीस प्रमाणाबाहेर ऐकूं येते. कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हां सतारीच्या भोपळ्यास कांपवितो, तें कंपन पुन्हां कर्ण्यांत जातें, व ह्या फेऱ्यांतून किंकाळी उठते. ती नेहमीं एखाद्या विशिष्ट सुरावरच उठत असल्यामुळें, तेवढाच सूर अरुंद पट्टींत कापणारी नॉच नांवाची कळ ठेविलेली असते. कर्णे वादकाच्या पुढें व श्रोत्यांकडे तोंड करून ठेवणें हा तर त्याहूनही सोपा उपाय. म्यूट ही कळ दाबल्यावांचून तार कधीं जोडूं वा काढूं नये, नाहींतर मोठा धडाका होतो. आणि कार्यक्रम संपतांच वाद्याची तार पेडलमधून काढावी. ती तशीच राहिल्यास पुष्कळ पेडलांची बॅटरी रात्रभर जळत राहते.

येथें एक गंभीर गोष्ट सांगावयाची आहे, ती पालकांनीं विशेषेंकरून वाचावी. निरनिराळ्या खोबण्यांतून वीज घेतलेलीं दोन यंत्रें तारेनें जोडलीं, तर त्यांच्या भूमितारांचें एक वेटोळें तयार होऊन गुंजारव येतो. डायरेक्ट बॉक्सवर ह्यासाठीं ग्राउंड लिफ्ट नांवाची कळ असते. ती फक्त सुराच्या तारेचें आवरण एका टोकास सोडविते. त्यांत कांहीं धोका नाहीं. परंतु कित्येक ठिकाणीं ही पेटी नसली म्हणजे लोक विजेच्या प्लगची तिसरी, भूमीची, पिनच काढून टाकतात. गुंजारव थांबतो खरा. पण यंत्राच्या लोखंडी कवचांत उद्यां वीज उतरली, तर तिला जमिनींत जाण्यास वाटच उरत नाहीं. मग गिटारीच्या तारांवर बोटें व मायक्रोफोनला ओठ लावून उभा असलेला मुलगाच तिची वाट होतो. गुंजारव असला, तर सूर बिघडेल. पिन काढली, तर जीव जाईल. ती पिन कोणीही, कोणत्याही कारणास्तव काढूं नये.

आवाज लावण्याचा क्रमही सांगतों. वाद्यांतील सर्वांत जोरकस भाग वाजवून पाहावा व पेडलची पहिली कळ, सूर फाटूं न देतां, शक्य तितकी वर आणावी. त्यानंतर मिक्सर, व शेवटीं कर्णे. पुष्कळ जण ह्याच्या उलट करतात. परंतु आरंभीं दुर्बळ राहिलेला सूर मागाहून वाढवावयास गेलें, तर वाटेंत मिळालेली खरखरही त्याच्याबरोबर वाढते.

ही पेटी म्हणजे कांहीं जादू नव्हे. शांत सभागृहांत, थोड्या श्रोत्यांपुढें, सतारीसमोर ठेविलेला चांगला मायक्रोफोन लांकडाचा व हवेचा गोडवा अधिक विश्वासूपणें टिपतो; चकती लांकडाच्या एका जागेचें कंपन तेवढें ऐकते. मोठें पटांगण व साथीचा गलबला असेल, तेथें पिकअप आणि ही पेटी उपयोगी. शिवाय बेसूर लावलेली तार कोणतीही पेटी सुरांत आणूं शकत नाहीं. ती सुरास सुंदर करीत नाहीं. जो सुंदर आहे त्यास वाटेंत लुटूं देत नाहीं, इतकेंच.

असो. प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमाआधीं आम्हीं एका भजनी मंडळाकडून अशी पेटी उसनी आणिली. तीच सतार, तीच चकती, तेच कर्णे व तोच हात. मुलीनें खर्जाची तार छेडली, आणि तिचा गंभीर नाद पटांगणाच्या कडेच्या कडुनिंबापर्यंत गेला. ती क्षणभर थांबून ऐकत राहिली. मग तिनें ती अर्धवट राहिलेली गत पहिल्यापासून वाजविली व पुरी केली. आजोबा ह्या खेपेस मागें, शेवटच्या रांगेंत जाऊन बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते एवढेंच म्हणाले, “इथपर्यंत आली.”

मित्रहो, तुमच्यापैकीं कोणाचें वाद्य मंचावर वाईट वाजलें, तर लगेच आपल्या हातास दोष देऊन तें खुंटीस टांगूं नका. हातापासून कर्ण्यापर्यंतची वाट एकदां पायरीपायरीनें तपासून पाहा. दोष पुष्कळदां एखाद्या सांध्यांत असतो, व तो दूर करतां येतो.